मोठ्या जहाजाची जागल

४ डिसेंबर आणि ६ डिसेंबर. या दोन तारखांच्या मध्ये एकच दिवस येतो. पुसद, दिग्रस, आर्णी, वणी, पांढरकवडा अशा गावोगावची आपली माणसे भाकरीची गाठोडी बांधून धामणगाव, बडनेरा, वर्धा येथून मुंबईच्या गाडीत चढतात, तोवर तिकडे मुंबईत नौदल आपला दिवस साजरा करून मोकळे झालेले असते. चैत्यभूमीच्या रांगेत उभे असतानाच आपल्यातील कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. यवतमाळच्या माणसाला पाणी म्हणजे पैनगंगा, फार तर बेंबळा. खारे पाणी आणि आपला संबंध तो एवढाच, असे आपण समजतो.

या सदरात आपण शिष्यवृत्ती, जातपडताळणी, पीकविमा अशा रोजच्या प्रश्नांवर बोलतो. आज लढाऊ जहाजांवर बोलायचे आहे, आणि त्याला कारण घडले आहे. आमच्या वस्तीतील एका ताईंचा मुलगा नौदलात अग्निवीर म्हणून निवडला गेला. जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलणाऱ्या बापाचा हा पोरगा. विहारात वंदना झाल्यावर सर्वांनी त्याचे फुले देऊन स्वागत केले. दुसऱ्या दिवशी ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी लिहिता-बिहिता, साहेब लोकायशी बोलता. माया पोराले त्या मोठ्या जहाजावर टाकाले सांगा नं जी. टीव्हीवर दाखवते ते, ज्याच्यावरून इमानं उडते. लहान जहाजंच बुडते म्हणते लोक."

कारकुनाची शिफारस तालुक्याच्या कचेरीत चालत नाही, ती नौदलात कुठली चालणार! पण ताईंच्या बोलण्यात मोठा मुद्दा होता. लढाईत मोठे जहाज वाचते आणि लहान जहाजे बुडतात, हे पुष्कळदा खरे ठरले आहे. मात्र ते आपोआप घडत नाही. मोठे वाचावे म्हणूनच लहान जहाजे तेथे उभी केलेली असतात.

ज्या जहाजाबद्दल ताई बोलत होत्या ती विमानवाहू नौका. आपली नवी 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर, म्हणजे पाव किलोमीटरहून अधिक. तीसेक विमाने व हेलिकॉप्टरे मावतात आणि दीड हजाराहून जास्त माणसे राहतात. टीव्हीवर ती एकटी दिसते, कारण कॅमेऱ्यात तीच मावते. प्रत्यक्ष लढाईच्या काळात ती एकटी कधीच नसते. तिच्या भोवती कित्येक मैलांच्या घेरात विनाशिका व फ्रिगेट जातीची जहाजे चालतात, तेल व रसद पुरवणारे एक जहाज असते, बहुधा पाण्याखाली एखादी पाणबुडीही असते. या सगळ्यांना मिळून ताफा म्हणायचे. विमानवाहू नौकेची ताकद तिच्या विमानांत असते. स्वतःच्या अंगावर आलेला वार परतवायला तिच्याजवळ साधने थोडी. लांबरुंद, दुरून दिसणारी, पोटात विमानाचे तेल आणि बॉम्ब भरलेली अशी ती वस्तू आहे. शत्रूला सगळ्यांत आधी हवी असते ती तीच.

धोका तीन बाजूंनी येतो. आकाशातून विमान किंवा क्षेपणास्त्र, पाण्यावरून जहाज, पाण्याखालून पाणबुडी. यांतले सर्वांत कठीण कोणते, असे विचाराल तर मी पाण्याखालचे म्हणेन. पाण्यात रडार चालत नाही, तेथे कानानेच पाहावे लागते. 'सोनार' नावाचे यंत्र पाण्यात आवाज सोडते व त्याचा प्रतिध्वनी ऐकते, किंवा नुसते कान देऊन बसते. पण जहाज वेगाने पळू लागले की त्याच्या स्वतःच्याच यंत्रांचा व पाण्याचा गोंगाट एवढा होतो की दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. म्हणजे नीट ऐकायचे तर हळू चालावे लागते, आणि हळू चालले तर पाणबुडीला नेम धरायला सोपे जाते. राखणदार जहाजाच्या वाट्याला हा पेच रोजचा. म्हणून आता जहाजावरून हेलिकॉप्टर उडवतात. ते दूर जाऊन पाण्यावर थांबते आणि दोराने सोनार खाली सोडते, आपण विहिरीत बादली सोडतो तसे.

क्षेपणास्त्राचे वेगळे. पृथ्वी गोल असल्यामुळे जहाजावरच्या रडारला क्षितिजापलीकडचे खाली उडणारे काही दिसत नाही. लाटांना लागून येणारे क्षेपणास्त्र साधारण पंचवीस-तीस किलोमीटरवर आले की दिसते, आणि त्याचा वेग आवाजाच्या जवळपास असेल तर पोचायला दीड मिनिटही लागत नाही. तेवढ्या वेळात ओळखायचे, ठरवायचे आणि पाडायचे. म्हणून एकदोन जहाजे ताफ्यापासून पुष्कळ पुढे, धोक्याच्या दिशेला उभी करतात. तेवढीच मिनिटे वाढतात. ती पुढची जहाजे कुणासाठी उभी आहेत आणि पहिला वार कुणावर यायचा आहे, हे त्यांच्यावरील माणसांना ठाऊक असते.

आपल्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगायला लागत नाही. शेतात रात्रीची जागल करणे आपल्याला माहीत आहे. ज्वारी हुरड्यावर आली की मळ्यावर कोण झोपत होते? आणि गावगाड्यात 'जागल्या' म्हणजे कोण, 'येसकर' म्हणजे कोण? वेशीच्या तोंडाशी रात्र काढायची, चोर-दरोडेखोर आला तर पहिली कुऱ्हाड आपल्या डोक्यावर घ्यायची, आणि सकाळी भाकरीसाठी दारोदार फिरायचे. गाव ज्याने राखायचे त्याचे घर मात्र गावाबाहेर! हा विषय पुढे परत येणार आहे, आधी लढाईची हकीकत सांगतो.

सन १९७१. आपल्याकडे तेव्हा एकच विमानवाहू नौका होती, जुनी 'विक्रांत'. तिच्या चार बाष्पकांपैकी एकाला तडा गेलेला. त्यामुळे तिला पूर्ण वेगाने पळवता येत नव्हते. विमान उडवायचे तर जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर पळावे लागते, म्हणजे पंखांना उचल मिळते. वेग कमी, म्हणून वाऱ्याची कृपा असेल तरच काही विमाने उडायची. अशा अधू जहाजाला लढाईत न्यावे की नाही यावर बराच खल झाला. शेवटी तिला बंगालच्या उपसागरात धाडले, आणि सोबत चार राखणदार दिले: 'ब्रह्मपुत्रा', 'बियास', 'कामोर्ता' आणि 'कवरत्ती'. पहिली दोन इंग्लंडात बांधलेली, पुढची दोन रशियाकडून घेतलेली. ४ डिसेंबरला विक्रांतवरील सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, नंतर खुलना, मोंगला वगैरे बंदरांवर. पूर्व पाकिस्तानची सागरी वाट बंद झाली. विक्रांतचे नाव पोराबाळांच्या तोंडी बसले. त्या चार नौकांची नावे तुमच्यापैकी किती जणांनी आजच्या आधी ऐकली होती, ते मनाशीच विचारून पाहा.

पाचवी एक होती, तिची कहाणी तर ऐकण्यासारखी आहे. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी १४ नोव्हेंबरला कराचीहून निघून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात आली. तिचे काम एकच, विक्रांतला शोधून बुडवणे. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानकडे लपवून ठेवले, आणि विशाखापट्टणमजवळ 'राजपूत' नावाची दुसऱ्या महायुद्धातली म्हातारी विनाशिका फिरवत ठेवली. तिने बिनतारी संदेशांचा असा धडाका लावला की ऐकणाऱ्याला वाटावे, विक्रांत येथेच आहे. बंदरात मोठ्या ताफ्याला लागेल एवढ्या भाजीपाल्याच्या व धान्याच्या मागण्याही नोंदवल्या, म्हणजे बाजारातल्या हेरांनी ती बातमी पुढे पोचवावी. गाझी तेथे आली आणि ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशीच फुटून बुडाली. राजपूतने टाकलेल्या बॉम्बमुळे फुटली, की स्वतःच्याच सुरुंगामुळे, यावर दोन्ही देशांत अजून वाद आहे. तिच्यावरील नव्वदहून अधिक माणसे गेली. शत्रूची असली तरी तीही आयाबहिणींचीच लेकरे होती, एवढे आपण बौद्ध म्हणून म्हटले पाहिजे. पण राजपूतवरील खलाशांचा विचार करा. ज्या म्हाताऱ्या जहाजाला मोडीत काढण्याची भाषा चालली होती त्याने, 'मीच विक्रांत, ये, मला मार' म्हणत शत्रूच्या वाटेवर फिरायचे!

पश्चिमेकडे तेवढे नशीब नव्हते. अरबी समुद्रात पाकिस्तानची 'हंगोर' ही पाणबुडी दीवच्या आसपास फिरत असल्याची चाहूल लागली. तिला हुडकायला 'खुकरी' आणि 'किरपाण' या दोन फ्रिगेट धाडल्या. येथे विमानवाहू नौका जवळ नव्हती, पण जहाजे त्याच जातीची आणि काम तेच, मोठ्यांच्या वाटेतला काटा काढणे. हंगोरला या दोघींचा आवाज जितक्या दुरून ऐकू येत होता, तितक्या दुरून यांना तिचा येत नव्हता. खुकरीवर सोनार सुधारण्याचे एक नवे उपकरण तपासले जात होते, त्यासाठी ती हळू चालत होती. ९ डिसेंबरच्या रात्री टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत जहाज गेले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिले आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी पाण्यातून ६७ जणांना काढले. दीवला खुकरीचे स्मारक आहे. पुढे त्याच नावाचे नवे जहाज मुंबईच्या माझगाव गोदीत बांधले गेले, १९८९ ला नौदलात आले, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि आता तेही दीवलाच ठेवले आहे. गुजरातकडे सहलीला जाणाऱ्यांनी दीवला दारूच्या दुकानांपलीकडेही थोडे जावे.

६ तारखेला आपण चैत्यभूमीवर माथा टेकतो, आणि ९ तारीख कुणाच्याच लक्षात नसते.

जुनी विक्रांत १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते, २०१४ मध्ये ती दारूखान्यात तोडली. तिच्या पोलादातून बजाज कंपनीने २०१६ मध्ये मोटारसायकल काढली. आपल्या दारव्हा रोडवरही ती गाडी फिरताना पाहिली आहे, मालक तिच्या टाकीवर हात फिरवून अभिमानाने सांगतो. सांगावेच. ब्रह्मपुत्रा किंवा बियासच्या पोलादाची मोटारसायकल काढल्याचे मात्र ऐकिवात नाही.

मुंबईला आणखी एक मोठे जहाज कित्येक वर्षे होते, 'विराट'. १९८७ ते २०१७ एवढी सेवा तिने आपल्याकडे दिली. त्याआधी ती इंग्रजांची 'हर्मीस' होती. १९८२ साली दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवरून इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्यात लढाई जुंपली, तेव्हा हर्मीस इंग्रज ताफ्याचे मुख्य जहाज होते. तिच्या पश्चिमेला बरेच पुढे तीन विनाशिका जागलीवर उभ्या होत्या. ४ मे रोजी अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र त्यांतील 'शेफील्ड'ला लागले. २० माणसे गेली. २५ मे रोजी दुसरी विनाशिका 'कॉव्हेंट्री' बॉम्बनी बुडाली. हर्मीसला ओरखडाही उठला नाही. ती घरी परतली, विकली गेली, आपल्याकडे येऊन विराट झाली. मुंबईच्या बंदरात जे जहाज आपण वर्षानुवर्षे पाहिले ते शिल्लक राहिले, त्याचे मोल शेफील्ड व कॉव्हेंट्रीवरील पोरांनी भरले होते.

राखण ढिली पडली की काय होते याचीही उदाहरणे आहेत. दुसरे महायुद्ध सुरू होऊन पुरते पंधरा दिवस झाले होते. १७ सप्टेंबर १९३९ रोजी आयर्लंडच्या नैऋत्येला 'करेजस' ही इंग्रज विमानवाहू नौका फिरत होती. सोबत चार विनाशिका, पण त्यातील दोन एका संकटात सापडलेल्या व्यापारी जहाजाच्या मदतीला पाठवलेल्या. नेमकी विमानांसाठी ती वाऱ्याकडे वळली आणि जर्मन पाणबुडीच्या तोंडासमोर आली. पंधरा-वीस मिनिटांत जहाज बुडाले, पाचशेहून अधिक माणसे घेऊन.

आणि धोका नेहमी शत्रूकडूनच असतो असेही नाही. विमाने उडत-उतरत असताना एखादे वैमानिकासह पाण्यात पडले तर त्याला काढायला एक लहान जहाज मागे ठेवतात. १० फेब्रुवारी १९६४ च्या रात्री, लढाई नसताना, सरावात, ऑस्ट्रेलियाची 'व्हॉयेजर' ही विनाशिका ही जागा घेण्यासाठी वळताना स्वतःच्याच 'मेलबर्न' या विमानवाहू नौकेच्या पुढ्यात आली. मोठ्या जहाजाने तिचे दोन तुकडे केले. ८२ माणसे गेली. ज्याची राखण करायची त्याच्याच खाली सापडणे, हा अनुभव आपल्या समाजाला नवीन वाटणार नाही.

ताईंना मी हे सगळे सांगितले नाही. आईला असले आकडे सांगू नयेत. एवढेच सांगितले की, कुठल्या जहाजावर जायचे हे आपल्या हाती नाही, पण लहान जहाजावर गेला तर तो मोठ्यापेक्षा कमी ठरत नाही. आता ही लहान जहाजे म्हणजे डोंगा नव्हे. माझगाव गोदीत बांधलेल्या 'कोलकाता', 'कोची', 'चेन्नई' आणि त्यानंतरच्या 'विशाखापट्टणम', 'मोर्मुगाव', 'इंफाळ', 'सुरत' या विनाशिका प्रत्येकी १६३ मीटर लांब आहेत आणि सात हजार टनांहून भारी. येणारे क्षेपणास्त्र वाटेतच पाडणारी क्षेपणास्त्रे त्यांच्यावर आहेत. ही जहाजे मुंबईच्या कामगारांनी बांधली, वेल्डर, फिटर, रंगारी अशा हातांनी. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष झाला तेव्हा विक्रांतचा ताफा उत्तर अरबी समुद्रात उभा होता, आणि अशीच जहाजे तिच्याभोवती होती.

आता जागल्याकडे वळतो. काही वाचक म्हणतील, आपण जागलकी सोडली, आणि हा गृहस्थ पोरांना पुन्हा राखणीला पाठवतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक मांडले. त्यांचा रोख कशावर होता? रात्रभर जागण्याच्या हिमतीवर नव्हता. वेळ-काळ न बघता राबवणाऱ्या, ठरलेला पगार न देणाऱ्या आणि जन्मावरून गळ्यात पडणाऱ्या गुलामीवर होता. महार पलटणीसाठी त्यांनी सरकारकडे आग्रह धरला आणि १९४१ मध्ये ती उभी राहिली, हेही त्याच माणसाचे काम. राखण करणे हलके नाही. राखणदाराला वेशीबाहेर ठेवणे हलकेपणाचे आहे. विनाशिकेच्या कप्तानाला कुणी भाकरी मागायला लावत नाही, त्याच्या जहाजाला त्याचे नाव आहे, तोफा आहेत, पगार आहे.

पंचशील घेतलेल्या माणसाने युद्धनौकेवर जावे का, असाही प्रश्न आमच्या अभ्यास मंडळात एका तरुणाने विचारला. चांगला प्रश्न आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. ज्याने त्याने तो ग्रंथ उघडून स्वतः विचार करावा, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये.

अमेरिकेतील काळ्या लोकांची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. तेथल्या नौदलात १९४२ पर्यंत काळ्या माणसाला बहुतेक स्वयंपाकघरात व अधिकाऱ्यांच्या ताटाशीच ठेवत. टेक्सासमधल्या बटाईदार शेतकऱ्याचा मुलगा डोरिस मिलर हा असाच वाढपी होता. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा तो 'वेस्ट व्हर्जिनिया'वर होता. त्याने जखमी कप्तानाला हलवायला हात दिला आणि कधी शिकवली नव्हती ती विमानविरोधी मशीनगन हाती घेऊन चालवली. त्याला नेव्ही क्रॉस हे मोठे पदक मिळाले, पण हुद्दा स्वयंपाकघरातलाच राहिला. पुढे तो 'लिस्कम बे' या लहान विमानवाहू नौकेवर आचारी होता. २४ नोव्हेंबर १९४३ च्या पहाटे तिच्या भोवतालच्या कड्यातील एक विनाशिका दूरवर दिसलेला दिवा पाहायला निघून गेली. कड्याला खिंड पडली, जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो आला, आणि ६४४ माणसांबरोबर मिलरही गेला. वय वर्षे २४. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेने एका नव्या विमानवाहू नौकेला त्याचे नाव देण्याची घोषणा केली. आचाऱ्याच्या नावाचे विमानवाहू जहाज!

काळ्या संघटनांचा दबाव वाढला तेव्हा मार्च १९४४ मध्ये 'मेसन' नावाचे एक राखणदार जहाज त्यांना मिळाले. साधारण १६० काळे नौसैनिक, वर अधिकारी गोरे. उद्देश हाच की यांना खरेच जहाज चालवता येते का ते पाहू. आपल्या पोरांना इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की वर्गात जे तोंडावर म्हटले जाते, तेच हे. ऑक्टोबर १९४४ मध्ये अटलांटिकमध्ये भयंकर वादळ झाले. मेसनचे पोलाद उसवले. त्या माणसांनी ते डागडुजी करून जोडले आणि मागे राहिलेल्या बोटी सोडवायला पुन्हा वादळात गेले. कप्तानाने त्यांच्या गौरवाची शिफारस केली. ती कागदात दडपली गेली, आणि गौरवपत्र मिळाले १९९५ साली! पन्नास वर्षांनी, जे जिवंत होते त्यांना. फाईल कशी दडपतात हे मी कारकून असल्यामुळे जाणतो, पण पन्नास वर्षे म्हणजे कमालच. आज त्या काळ्या नौसैनिकांच्या सन्मानार्थ नाव दिलेली 'मेसन' ही विनाशिका अमेरिकी नौदलात आहे, आणि २०२३-२४ मध्ये लाल समुद्राच्या बाजूला 'आयझेनहॉवर' या विमानवाहू नौकेच्या ताफ्यात तिने राखणीचे काम केले.

त्याच महायुद्धातला कमांडर अर्नेस्ट इव्हान्स चेरोकी आणि क्रीक या मूळनिवासी जमातींच्या रक्ताचा. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपाइन्समधील समार बेटाजवळ सहा लहान विमानवाहू नौकांवर जपानचा प्रचंड ताफा चालून आला, त्यात सुमारे सत्तर हजार टनांचे 'यामातो'. राखणीला फक्त सात लहान जहाजे. इव्हान्सने वरून हुकूम यायची वाट न पाहता आपली दोन हजार टनांची 'जॉन्स्टन' त्या ताफ्यावर घातली. धूर सोडून मोठ्यांना झाकले, टॉर्पेडो मारले, जखमी होऊनही तो वळून पुन्हा गेला. जॉन्स्टन बुडाली, ३२७ पैकी १४१ वाचले, इव्हान्स वाचला नाही. सहापैकी पाच विमानवाहू नौका त्या हल्ल्यातून निसटल्या.

आता आपल्या घरचे. इंग्रजी अमदानीत जहाजावर झाडलोट व संडास-सफाई करणाऱ्याला 'टोपाझ' म्हणत. आपल्या नौदलातही हे नाव बराच काळ चालले. त्या कामावर कोणत्या वस्तीतली माणसे भरली जात हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. आता नाव 'हायजिनिस्ट' झाले आहे. दहावीच्या शिक्षणावर अग्निवीर 'एमआर' म्हणून जी भरती होते तिच्यात आचारी, वाढपी आणि हायजिनिस्ट ही कामे असतात. काम कोणतेही हलके नाही, आणि जहाज बुडताना पाणी हुद्दा विचारत नाही. पण आपल्या पोरांनी दहावीनंतर घाई करून तेवढ्याच दारातून का जावे? बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असेल व निम्मे गुण असतील, तर 'एसएसआर' म्हणून अर्ज करता येतो. तेथे रडार, सोनार, इंजिन, तोफा, क्षेपणास्त्रे ही कामे आहेत. पाणबुडीचा आवाज कानावर घेणारा माणूस त्याच दारातून जातो. आमचे पालक आठवीपासून पोराला 'गणित जमत नाही' म्हणून मोकळे करतात, आणि पुढची वाट तेथेच बंद होते.

सैन्यदलांच्या भरतीत जातीचे आरक्षण नाही हे लक्षात ठेवा. गुण आणि धाव यांवरच ती आहे. गोदीतील नागरी नोकऱ्या व माझगाव गोदीसारख्या सरकारी कारखान्यांत मात्र आरक्षण आहे, आणि आयटीआय झालेल्यांसाठी शिकाऊ उमेदवारीच्या जाहिराती निघतात. त्या आपल्याकडे कुणी वाचत नाही. अग्निवीर योजनेबद्दल माझे मत कडवट आहे. चार वर्षे, मग शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम, बाकीच्यांना एकरकमी पैसा आणि निवृत्तिवेतन नाही. दीड मिनिटात क्षेपणास्त्र ओळखायला शिकलेल्या पोराला चार वर्षांनी यवतमाळच्या बसस्टँडवर आणून सोडायचे, हे शहाणपणाचे नाही. पण योजना आहे तोवर डोळे उघडे ठेवून जावे, आणि त्या चार वर्षांत पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू ठेवावा.

मुलींसाठीही हे दार उघडले आहे. २८ मार्च २०२३ रोजी ओडिशातील 'चिल्का' येथून अग्निवीरांची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली, तिच्यात २७३ मुली होत्या. ज्या आयांना मुलीला अमरावतीच्या वसतिगृहात ठेवायची धास्ती वाटते त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदनेनंतर नववी ते बारावीच्या मुलामुलींचा गणिताचा वर्ग चालतो. शिकवणारे दोघे निवृत्त शिक्षक आहेत, फी नाही. वही, पेन आणि कंपास पेटी घरून आणावी. फळा लहान पडतो, कुणाकडे जुना मोठा फळा पडून असेल तर कळवावे, आम्ही हातगाडी घेऊन येऊ.